दोननळीचा दस्ता

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी एकही बंदूक नसेल, जिची आईवडिलांसकट चौकशी माझ्या सासऱ्यांनी केलेली नाही. माणसांची नावं ते सर्रास विसरतात. सख्ख्या साडूला एका लग्नात त्यांनी संध्याकाळभर नुसतं ‘अहो तुम्ही’ म्हणून रेटलं. पण बंदूक दिसली की तिचा देश, तिचं घराणं, घोडा आत की बाहेर, गोळ्या कुठून भरायच्या, सगळं धडाधड सुरू. आणि हा माणूस कोण, तर जन्मभर विमा कचेरीत टेबलाशी बसलेला, डास मारला तरी ‘गेला बिचारा’ म्हणणारा डोंबिवलीकर.

आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला पगार विचारला नाही. “एनसीसीत होतात ना? मग रायफल कुठली होती?” मी म्हटलं, “जुनी होती.” “जुनी म्हणजे? बोल्टचा दांडा सरळ, की खाली वाकलेला?” मला परेडनंतरचा वडा आठवत होता, दांडा नाही. नंतर ते मुलीला म्हणाले म्हणे, “मुलगा सालस आहे. निरखत मात्र नाही.”

त्यांच्याबरोबर युद्धाचा सिनेमा बघणं म्हणजे शिक्षाच. नायक छातीवर गोळी झेलून आईला हाक मारतोय, थिएटरात मुसमुस चाललीय आणि आमच्या रांगेतून खणखणीत आवाज, “अहो, ही रायफल तेव्हा जन्मालाच आली नव्हती!” होळीला नातीच्या पिचकारीला ते ‘पंप अ‍ॅक्शन’ म्हणतात. एकदा घोडबंदर रोडला गाड्या तुंबल्या होत्या, तर यांनी काच खाली करून पतपेढीच्या दारातल्या वॉचमनला हाक मारली, “अरे, डाव्या घोड्याची स्प्रिंग ढिली झालीये तुझी!” वॉचमन आधी बंदुकीकडे बघायला लागला, मग आमच्या गाडीच्या नंबरकडे. मी सिग्नल सुटायची वाट बघत मान खाली घालून बसलो. स्वभावानं मी फार बोलणारा नाही, पण आता लिहायलाच बसलोय तर सांगतो: मला त्यांची लाज वाटायची. चारचौघांत मी त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभा राहायचो.

गेल्या खंडेनवमीला मात्र मीच त्यांना घेऊन गेलो. ठाकुर्लीला आमची सोसायटी ज्यांच्या भातशेतावर उभी आहे, त्या दादूसकडे. दादूसचे वडील गेले आणि लायसन नावावर होईपर्यंत घरची दोननळी चाळीसेक वर्षं डीलरकडे पडून राहिली. त्या आठवड्यात ती परत आली, पण दादूस तिला पाटावर ठेवायलाच तयार नव्हते.

“ही आमची न्हाय. बापसाची बंदूक केवढी व्हती! आन अस्सल विलायती. ही बघा, काठीसारखी.”

“नंबर जुळतोय ना, दादूस?” मी म्हटलं.

“नंबर कोनी बी ठोकंल रं. दुसऱ्याच्या बापसाची बंदूक मी पूजेला लावू? त्यापरीस पाट रिकामा ऱ्हावूदे.”

हळद-कुंकू, झेंडूची फुलं, घासून लख्ख केलेले कोयते, सगळं मांडून तयार होतं आणि दादूसचे डोळे भरले होते. सासऱ्यांनी हात पुढे केले. बंदूक हातात आली आणि वजनानं ते चक्क खाली वाकले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की या माणसानं खरी बंदूक आजवर कधी उचललेलीच नव्हती.

तरी त्यांनी ती आधी उघडून, रिकामी आहे ना ते पाहिलं. नळ्यांच्या पोटाशी अंड्याच्या आकाराचा ठसा होता. “बेल्जियमची आहे. विलायती, पण इंग्लंडची नव्हे.”

झालं, मी मनात म्हटलं. दादूसचा चेहरा उतरला. सासऱ्यांचं लक्षच नव्हतं. एक डोळा मिटून ते मागून दस्ता, खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, न्याहाळत होते.

“वडील डावखुरे होते का हो?”

“न्हाय. जेवन उजव्या हातानं, सही उजव्या हातानं.”

“मग दस्ता डावीकडे का झुकलाय? नेहमी उजवीकडे असतो. हा डाव्या खांद्यासाठी मुद्दाम करून घेतलाय.”

दादूसनी दस्त्यावरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाले, “मिठागरावर फावडा डावा चालवायचा. शेजारी कोन उभा ऱ्हात नसं, लागंल म्हून... जेवताना आजी डाव्या हातावर फटका मारायची त्याच्या.”

“शेवटची कधी पाहिली होतीत तुम्ही?”

“पोर व्हतो. कमरेएवढा.”

“मग मोठी दिसणारच.”

दादूसनी बंदूक घेतली आणि डाव्या खांद्याला लावली. नीट बसली. तशीच धरून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी ती पाटावर ठेवली आणि पहिलं फूल वाहिलं.

पूजा झाली. दादूसच्या सूनबाईंनी माझ्या सासऱ्यांना हात धुवायला पाणी दिलं, तर “असू दे, असू दे” म्हणत त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. बोटांना बंदुकीचं तेल लागलं होतं. ते पुसायला ते तयार नव्हते, तशा हातानं प्रसाद घ्यायलाही तयार नव्हते. ताटासमोर ते तळवे वर करून बसले होते, मेंदी काढलेल्या नवरीसारखे.

मग मीच पेढा उचलला आणि त्यांना भरवला. आमच्यात असलं काही कधी झालेलं नाही. “गोड आहे,” एवढंच ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.