न पडलेली कळी

खरं सांगायचं तर कौलावर माझा काडीचा विश्वास नव्हता. देवाच्या दोन खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यात देव कुठून आला? पाणी सुकलं की कळी पडणारच, असं मी आईला ऐकवायचे. आई म्हणायची, "हो गं बाई, तूच शहाणी! मग गणितात का अडकतेस?"

ते मात्र झोंबायचं. बँकेची परीक्षा मी तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. वीस मिनिटांत पस्तीस गणितं. एखादं सुटेना की मी हट्टाला पेटायचे आणि दर अर्ध्या मिनिटाने स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघत घाम पुसायचे. दिवसभर एका लॅबच्या काउंटरवर नोकरी, घरी आल्यावर सराव. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी होती. पंधरा दिवस उरले आणि सराव परीक्षेतले गुण वाढायच्या ऐवजी घसरायला लागले. एका रविवारी सकाळी वैतागून मी आईला म्हटलं, "चल, लाव तुझा कौल. डावी पडली तर परीक्षेला जातच नाही." मी बोलून गेले आणि आई लगेच साडी बदलायला उठलीसुद्धा.

आमच्या कोकणातल्या गावच्या मंडळींनी घाटकोपरच्या डोंगरउतारावर ग्रामदेवाचं छोटं देऊळ बांधलंय. नेहमीचे गुरव सुट्टीवर होते. त्यांच्या जागी गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले एक म्हातारे गुरव बसले होते, काळा चष्मा लावून. त्यांनी कळ्या लावल्या, मला बँकेत नोकरी लागेल का, असं विचारत देवाला खणखणीत गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला आई "होय महाराजा!" म्हणत होती. मग आम्ही वाट बघत बसलो.

कळ्या हलेनात. मी फोन काढून बघितलं, अकरा मिनिटं झाली होती. पाणी सुकायला किती वेळ लागतो, याचंच मला कुतूहल वाटायला लागलं. देवाच्या उजव्या खांद्यावर एक थेंब होता. तो फुगला, ओघळला, त्याची वाट सुकली. कळी तिथेच. मी बघतच राहिले. माझा श्वास कधी संथ झाला, बाहेरचा लाउडस्पीकर कधी ऐकू येईनासा झाला, काही कळलं नाही. भानावर आले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि फोन ठेवल्यापासून मी एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव रागावला काय हो?"

"रागवात कित्याक?" गुरव हसले. "आज ह्या प्रश्नाक देव बोलना नाय. ह्यो ठेवूया बाजूक. चेडवा, तू दुसरो प्रश्न इचार," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

गंमत म्हणजे मला दुसरा प्रश्नच सुचेना. इतकी वर्षं मी एकच प्रश्न उराशी धरून बसले होते. शेवटी हळूच म्हटलं, "मी शांत बसून पेपर देऊ शकेन का?" त्यांनी नव्या दोन कळ्या लावल्या आणि हात मागे घेतला, तोच उजवी टपकन पडली. मला रडूच आलं.

"पण आता जायचं की नाही?" आईने विचारलं.

"देवान अडवल्यान नाय मां? मगे जाऊ दी."

परीक्षेत चौथ्याच गणिताला अडकले. नजर घड्याळाकडे गेली. मग ते म्हातारे गुरव आठवले. मनात म्हटलं, हा ठेवूया बाजूला. आणि पुढचं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गणित मी न चिडता मागे ठेवलं होतं. असे सात प्रश्न राहिले. वेळ उरला तेव्हा मागे वळले, तर त्यातले तीन चटकन सुटले. बाकीच्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

ती परीक्षा मी पास झाले, पुढची मुख्य परीक्षाही झाले, नोकरी लागली. आईने गावाला फोन लावून गुरवांना बातमी दिली. मी फोन घेतला आणि इतके दिवस मनात घोळत असलेलं विचारलं, त्या पहिल्या कळ्यांचं मग काय झालं?

"संध्याकाळी मीच काढलंय गो," ते म्हणाले. "सुकान कडक झालेल्यो, पण खांदो सोडूक नाय."

माझं पाण्याचं शास्त्र तिथेच संपलं. कसं झालं असेल, याचा मी अजूनही विचार करते आणि आता त्याचं उत्तर सापडलंच पाहिजे असं वाटत नाही. उजवी पडली असती तर मी निर्धास्त होऊन पुस्तक मिटलं असतं, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. डावी पडली असती तर शब्द पाळून घरी बसले असते. त्या प्रश्नावर देव गप्प राहिला, आणि मी पेपरला जाऊन बसले.