एका वासाची गल्ली

वडगावात आमच्या आक्काच्या गल्लीत कानांचा उपयोग नाही. दर दारामागं यंत्रमाग खडखडतो आणि सगळ्यांचा खडखडाट सारखाच. म्हणून माझ्या या थोरल्या बहिणीची दृष्टी गेली तेव्हा ती नाकानं घर ओळखायला शिकली. हातात काठी असायची, पण ती कुत्र्यांसाठी.

आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराची लाल चटणी. उन्हाळ्यात जो तो आपली मिरची वाळवून डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळांच्या गिरणीत, कुटून आणायचा. कुणाकडं ब्याडगी जास्त, कुणाकडं संकेश्वरी, कुणाचा खोबऱ्याला हात सैल. आक्काच्या चटणीत तीळ भरपूर, आमच्या आईसारखे. आमटीला या चटणीची फोडणी पडली की ती गल्लीतून चालता चालता सांगायची, "हिचा लसूण करपलाय बघ." आणि नेमकी आपल्या दारात थांबायची. मी तिला म्हणायची, मांजरानं तुझ्याकडं शिकवणी लावावी.

मग एका कंपनीनं हातपाय पसरले. मिरची बाजारात उतरायच्या आधीच तिच्या गोदामात जाऊ लागली. डंकवाल्यांना कुटायला काही उरेना. शेवटचा डंक बंद पडला, त्याच जागेत चटणीच्या पाकिटांचं दुकान आलं. पाकिटं रंगीबेरंगी, कशावर गावरान लिहिलेलं, कशावर घरगुती. मी उलटून पाहिलं, तर मागं सगळ्यांवर पत्ता एकच. दुकानदार हसून म्हणाला, "कुठलंबी घ्या बाई, आत एकच हाय." मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. पण दुसरीकडं घ्यायला दुकान होतं कुठं?

गेल्या उन्हाळ्यात मी टिळकवाडीतल्या माझ्या घरून दुपारी आक्काकडं गेले, तर तिची सून गल्लीच्या तोंडाशीच उभी. "मावशी, आत्ती देवळातनं अजून आल्या न्हाईत." तेवढ्यात वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत दारादारातून फोडणीचा वास येत होता, आणि तो तसूभरही वेगळा नव्हता. डोळे धड असून मला क्षणभर कळेना, मी कुणाच्या दारात उभी आहे.

आक्का सापडली चार घरं अलीकडं. परक्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती निवांत जेवत होती. घरातली माणसं भिंतीला टेकून गप्प उभी होती. "सूनबाई, आमटी बरी झालीया," आक्का म्हणाली. त्या घरच्या बाईनं हळूच उत्तर दिलं, "व्हय, आत्ती."

मी आक्काच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, हे आपलं घर न्हवं गं."

तिचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून ती उठली. मी आणि तिच्या सुनेनं तिला घरी आणलं. उंबऱ्यापाशी तिनं मान वर करून वास घेतला आणि माझा हात घट्ट धरला.

"हे मगाचंच घर की गं. परत हितंच का आणलंस?"

मी तिचा हात दाराच्या चौकटीवर ठेवला. तिनं ती वरपासून खालपर्यंत चाचपली. "चौकट आमचीच हाय," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. आत सुनेनं ताट वाढलं होतं. वीज आली, माग सुरू झाले, तरी आक्का वाट बघत बसली होती, कुणीतरी येऊन तिला घरी न्यावं म्हणून.