तिचा नंबर, माझी जागा

निवडीत मी दुसरी आले आणि आमच्या गावात, दवनीवाड्यात, माझ्यासाठी डफडं वाजलं. आता कुणाला काय सांगायचं! फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत आपल्या देशाला एकच जागा होती. महासंघाने राष्ट्रीय स्पर्धेचे गुण पाहिले, बाहेरच्या स्पर्धांत ठरलेले किमान गुण कुणी मिळवले ते पाहिलं आणि दिल्लीची मुलगी निवडली. मी राखीव. तिला काही झालं तरच मी जाणार. पण हे सांगेपर्यंत माझ्या गळ्यात हार पडून गेले होते.

राखीव म्हणजे काय, ते फक्त माझ्या मोठ्याईला, म्हणजे थोरल्या काकूला, लगेच उमगलं. "मंग तिचा पाय मुरगळला पाह्यजे," ती म्हणाली आणि सरळ देवीपुढे नारळ फोडून आली. मी भडकले. हरवायचं तर तिला बर्फावर हरवीन, नारळाने कशाला?

दोन दिवसांनी कोचचा फोन आला. दिल्लीची मुलगी पहिल्या दहांत आली, तर पुढल्या वर्षी देशाला दोन जागा मिळतील, आणि दुसरीवर माझा हक्क भक्कम. ऐकल्याबरोबर मोठ्याईने चप्पल घातली.

"आता कुठं चालली वो?" आई म्हणाली.

"देवीकडं. पयलं मांगलं थे वापस घेऊन राहिलो म्हणून सांगतो."

स्पर्धेच्या दुपारी अर्धं गाव आमच्या ओसरीवर एका मोबाईलभोवती बसलं. तिच्या पहिल्या दोन उड्या सुरेख झाल्या. तिसरीला पाऊल डगमगलं, हात बर्फाला टेकला. "सांभाळ वो बाई!" सगळी ओसरी ओरडली. ती सावरली. निकाल लागला तेव्हा ती दहावी होती. काठावर, पण दहावी! मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"तेरी सीट ले आई मैं," ती म्हणाली.

वर्षभर जिला हरवायला झटले, तिच्यासाठी मी मोबाईलसमोर टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, "अगली बार फर्स्ट मैं आऊंगी."

"आ के दिखा," ती म्हणाली.