आग्रहाने भरलेला गॅस

आमची गाडी नव्वदच्या दशकातली. तिचा एसी सहा वर्षं बंद होता, आणि ती भंगारात काढायला धाकटा भाऊ टपलेलाच होता. मी हटून बसलो होतो, कारण प्रश्न बाबांचा होता. गिरणीतला कापूस आयुष्यभर छातीत भरलेला. काचा उघड्या ठेवल्या की धुरळ्याने खोकल्याची उबळ, लावल्या की मे महिन्यात जीव गुदमरायचा. भाड्याची एसी गाडी नको, परक्या ड्रायव्हरला सारखं थांब-थांब कोण म्हणणार, हे त्यांचं म्हणणं. तीन वर्षं ते गावी गेले नव्हते, आणि तिथे त्यांची एकुलती बहीण अंथरुणाला खिळली होती. आमची गाडी गार झाली तरच भावाबहिणीची भेट होणार होती.

लालबागच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून मान हलवली.

"काका, हा जुना गॅस आता बनतच नाय. नवा टाकायचा तर जुनं तेल धुवायला लागेल, रबरी रिंगा सगळ्या बदलायला लागतील."

"कर," म्हटलं.

काम संपायच्या दिवशी बाबाही आले. गिरणीत हवा गार ठेवणाऱ्या प्लांटवर ते फिटर होते. ते घरी थोडेच बसणार! स्टुलावर बसून ते सगळं पाहत होते.

गॅस भरताना गॅरेजवाला म्हणाला, "नवीन गॅस जुन्यापेक्षा कमी लागतो, काका."

कमी? आमच्याकडे पाहुणा पानावर हात आडवा धरतो तरी आम्ही बोटांच्या फटीतून भात वाढतो. मी म्हटलं, "हात आखडता घेऊ नको रे. जुना मावायचा तेवढाच भर!" त्याने दोनदा समजावलं, मी दोनदा आवाज चढवला. शेवटी भरला बिचाऱ्याने.

पाच मिनिटं झकास गार. मग कोमट. मग कॉम्प्रेसर खट्कन बंद. माझं डोकं फिरलं. सहा वर्षांचा हट्ट डोळ्यांदेखत पाण्यात जात होता, आणि मी त्या माणसावर तोंड टाकलं.

बाबा उठले. पाइपाला लावलेल्या, गॅसचा दाब दाखवणाऱ्या दोन मीटरांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"त्याच्यावर कशाला ओरडतोस? तुझ्यामुळे जास्त झालाय." मग गॅरेजवाल्याकडे वळून, "काढ रे थोडा."

त्याने मशीन जोडून गॅस हळूहळू परत ओढून घेतला. बाबा मीटरावरची नजर हलवेनात. "अजून... अजून जरा... बस."

"एकदम बरोबर, आजोबा!" तो गॅस मोजायच्या वजनकाट्याकडे पाहून म्हणाला.

एसीच्या जाळीतून आलेल्या गार वाऱ्याने माझ्या हातावर काटा आला. मी गॅरेजवाल्याची माफी मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. गड जिंकल्यावर माफी मागायला काही जड जात नाही.

गिरगावला परतताना भर दुपार होती. काचा बंद. भायखळ्याच्या सिग्नलला बराच वेळ अडकलो, तरी बाबा एकदाही खोकले नाहीत. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्यांच्या छातीकडे होतं. मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. आत्याला लावून दे म्हणाले. गाडी कडेला घेऊन लावून दिला.

"गे बाय," ते गावच्या बोलीत म्हणाले, "येतंय मी."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. बाबा मात्र ताठ बसून हसत होते.