एसीखालची जागा

आज ऑफिसात थोडं धाडस केलं, तुम्हाला सांगते.

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात खिडकीजवळची उन्हाची जागा सीनियरला आणि एसीखालची नव्या माणसाला, असा अलिखित नियम आहे. म्हणून साताऱ्याची वैष्णवी तिथे स्वेटर, मफलर घालून बसते. आज ती म्हणाली, "ताई, मी न्हावा शेवा बंदरातल्या आपल्या कंटेनर यार्डात बदली मागतेय. तिथं धूळ आहे, पण गारठणार तरी नाही."

इतकी कामसू मुलगी थंडीमुळे जाणार? आणि एसी वाढवायला रोज कोण सांगतं? मीच. पंचेचाळिशीत अचानक अंगाची लाही होते, घाम फुटतो. चारचौघांत सांगायची लाज वाटायची.

आज सांगून टाकलं. "पाळी जायचे दिवस आहेत गं माझे. तू माझ्या जागी खिडकीशी बस, मी इथे."

सामान हलवताना शेजारचे पाटील म्हणाले, "मॅडम, डिमोशन झालं की काय?"

"नाही हो, थंड हवेच्या ठिकाणी बदली."

दुपारी वैष्णवीने मफलर काढला. यार्डाचं विचारलं तर म्हणाली, "बघू ताई, आधी जरा ऊन खाऊ द्या."

तुमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त कोण गारठतं? त्यांना कधी विचारलंय?