रजिस्टर कचेरीत वाढवलेली दोन वर्षं

माझ्या धाकट्या बहिणीचं वय मी एकदा एका दमात दोन वर्षांनी वाढवलं. ती सतराची होती. जुन्नरच्या रजिस्टर कचेरीत कारकुनानं विचारलं, "हिचं वय?" तिनं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "एकोणीस. अंगानं बारीक हाय, म्हणून ल्हान दिसती."

कचेरीतली माणसं हसली. मीही हसले. तेव्हा मी सव्वीसची, सातवी पास, पेठ गावात दिलेली आणि खांद्याला पर्स अडकवून एसटीत चढणारी बाई होते. पर्समध्ये एक रुमाल, दात पडलेला कंगवा आणि मूठभर खारे दाणे. पण चाल अशी, की सारा तालुका माझ्याच सल्ल्यानं चाललाय. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर पर्ससकट कुकडी नदीत ढकलून देईन.

कागद हक्कसोडीचा होता. आई आधीच गेलेली. वडील गेल्यावर येडगावच्या जमिनीला आम्हा तिघांची नावं लागली, एक भाऊ आणि दोघी बहिणी. बहिणींनी आपला हिस्सा भावाला लिहून द्यायचा, भावानं साडी घ्यायची आणि भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहायचं, अशी आमच्याकडची रीत. सही न करणारी हावरी. तिच्या नावानं बायका विहिरीवर बोटं मोडायच्या, त्यात मीही असायचे. तेव्हा आजच्यासारखी आधार कार्डं नव्हती. तोंडानं सांगितलं ते वय कागदावर चढायचं. एसटीत भाऊ माझ्या कानाशी म्हणाला होता, "अठराच्या आतलं चालत नाय म्हणत्यात. तू तेवढं सांभाळून घे." मी सांभाळून घेतलं. बक्षीस म्हणून दुकानात हिरवी साडी आधी मी उचलली. उरलेली विटकरी तिला दिली आणि वर म्हणाले, "तुला खुलून दिसती."

पुढं तिचं लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी केली, तशी ती माहेरी परत आली. भावानं कांद्याच्या चाळीशेजारी पत्र्याची खोली दिली. तीस वर्षं ती त्या खोलीत राहिली आणि त्याच्या शेतात राबली. कांदा लावला, टोमॅटो तोडले, वहिनीची दोन बाळंतपणं काढली. त्यातलाच एक भाचा आता मोठा झालाय. त्याला येडगावच्या धरणाच्या पाण्याकडं तोंड करून पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, आणि आत्याची पत्र्याची खोली नेमकी मध्ये येते.

चार वर्षांपूर्वी तो तिला म्हणाला, "आत्या, दिवाळीच्या आत खोली मोकळी करा. पेठची आत्या हाय की, तिच्याकडं ऱ्हावा."

भाऊ शेजारी बसून सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझं नाव हाय कुठं सातबाऱ्यावर?"

ती दोन पिशव्या घेऊन माझ्या दारात आली तेव्हा मी भावाला फोनवर जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. माझी नातवंडं वाचतात. माझ्या ऐकून घेणाऱ्या मालकांनीसुद्धा उठून दार लावलं. पण शिव्यांनी खोली परत मिळत नाही.

कुणीतरी सांगितलं, जुन्नर कोर्टातले चार-पाच वकील दर रविवारी ओतूरच्या शाळेत बसतात आणि फुकट सल्ला देतात. मी नाक मुरडलं. ज्यांना पक्षकार मिळत नाहीत तेच फुकट बसत असणार, असा माझा हिशेब. तरी गेलो. वर्गात चौथीच्या पोरांचे बाक, आणि त्यात गुडघे अडकवून बसलेली गावोगावची मोठी माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. आम्हाला मिळाली ती एक वकीलबाई. ओतूरच्या पेठेतल्या मारवाडी किराणा दुकानदाराची सून. तिच्या सासऱ्याकडून मी कितीदा पोहे घेतलेले, म्हणून मला वाटलं, ओळख निघाली, काम झालं.

"बस गं, मी सांगते सगळं," असं बहिणीला म्हणून मी सुरू होणार, तर वकीलबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

"अगं मी तिची सख्खी बहीण हाय."

"म्हणूनच बाहेर थांबा. ज्याचं काम त्याच्याशी आधी एकट्याशी बोलायचं, हा आमचा नियम आहे."

"तिला बोलता येत नाय गं, ती लई भोळी हाय."

"मग मला वेळ लागेल. तुम्ही चहा घ्या."

मी व्हरांड्यात उभी राहून धुमसत होते. माझ्या मानापायी. बहिणीची खोली जात होती आणि मला राग कशाचा, तर एका किराणेवाल्याच्या सुनेनं मला बाहेर काढल्याचा! पाऊण तास आतनं बहिणीचा आवाज येत होता. इतकी ती कधी बोलत असेल हे मला ठाऊक नव्हतं.

मला आत बोलावलं तेव्हा समोर दोन कागद होते. हक्कसोडीची नक्कल आणि बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला, जो तिनं इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता.

"मावशी, दाखल्याप्रमाणं सही केली त्या दिवशी या सतरा वर्षांच्या होत्या. दस्तात एकोणीस लिहिलंय. कुणी सांगितलं?"

"मी."

तिनं पेन खाली ठेवलं. "अठराच्या आतल्या मुलीनं जमीन लिहून दिली तर तो कागद कायद्यानं उभाच राहत नाही. यांचा हिस्सा गेलेलाच नाही, असं मला कोर्टात म्हणता येईल. पण समोरचे म्हणतील, दाखल्यातली तारीख चुकीची आहे, घरच्यांनीच एकोणीस सांगितलं होतं. मग सांगणारीला उभं राहावं लागेल. तुम्ही याल?"

"आणि माजी सही? मलाबी परत मिळल का हिस्सा?"

हे मी विचारलं. लाज सोडून विचारलं. तिनं नकलेवरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"तुम्ही सव्वीसच्या होतात. वाचता येत होतं. तुमचं मी काही करू शकत नाही. आणि करता आलं असतं तरी आज केलं नसतं. रांगेत बाहेर चौदा माणसं आहेत, ती फसवली गेलेली आहेत. तुम्ही फसवणाऱ्यांत आहात."

असं मला माझ्या सासूनंसुद्धा कधी ऐकवलं नव्हतं.

मी साक्षीला येते म्हणाले, आणि वकीलबाईनं दावा लावला. पहिल्या दोन तारखांतच बहिणीला खोलीतून काढायचं नाही असा मनाईहुकूम आणला, आणि बहीण तिच्या पत्र्याखाली परत गेली. येडगावात लोक म्हणायला लागले, "फुकटातली वकिलीण घरं फोडती." अरे राव, घर फुटलं ते त्या रजिस्टर कचेरीत. आम्ही सगळे हसत होतो तेव्हाच. त्या दिवशी एकालाही वाटलं नाही, की या पोरीला विचारावं. आणि आज ती कोर्टाची पायरी चढली की लगेच सगळ्यांना घर आठवतं! ती वकीलबाई बिचारी रविवार घालवून, घरचं आटपून, बाकावर वाकून लोकांचे मळके कागद वाचते, आणि यांना ती घरं फोडणारी वाटते. मला असा संताप येतो, की बोलताना कवळी हलते.

माझी उलटतपासणी झाली ती जुन्नरच्या कोर्टात. भाऊ समोरच्या बाकावर, भाचा त्याच्याशेजारी. पिंजऱ्यात उभी राहिले ती पदर नीट खोचून.

भावाचे वकील उठले. महागडे, गोड बोलणारे. "आजी, म्हणजे तुम्ही सरकारी कचेरीत खोटं बोललात?"

"व्हय."

"तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं बोलताय कशावरून?"

"तवा मला साडी मिळाली व्हती. आज काय मिळणार हाय? माहेर गेलं."

कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी वर पाहिलं, तसं ते थांबलं. भाऊ उठून बाहेर गेला. पुढच्या भाऊबीजेला त्यानं मला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. नाही तर नाही.

निकाल अजून लागायचा आहे. तोवर खोलीला कुणी हात लावू शकत नाही, आणि वकीलबाई म्हणते, कागद आपल्या बाजूनं भक्कम आहेत. पण मला सांगायचंय ते साक्षीच्या दिवसाचं. बाहेर आलो. झाडाखाली बसलो. मी अजून फुरफुरत होते. भाऊ कसा नालायक, भाचा कसा उद्दाम, मी कशी तोंडावर बोलले, त्या वकिलाचं थोबाड कसं उतरलं, सगळं तिलाच पुन्हा ऐकवत होते. बहीण पाणी पीत होती. मला वाटलं, आता ही माझे हात धरेल, रडेल, म्हणेल ताई तू होतीस म्हणून. मी आपली कौतुक घ्यायला तयार होऊन बसले होते.

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली,

"ताई, आज तू खरं बोललीस, बरं केलंस. पण तवाबी माज्या वतीनं तूच बोललीस आन् आत्ताबी मगाधरनं तूच बोलतीयास. मला ती जमीन पायजे व्हती. तवाच पायजे व्हती. तू एकदा तरी इचारायचं व्हतंस."