भासऱ्यांना उचलताना

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात मी आया म्हणून लागले, ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं हे माझं काम. सिस्टरनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, दोघींनी मिळून उचला, गुडघे वाकवा, माणसाला अंगाशी घट्ट धरा. मला ते सगळं जमलं. फक्त एका माणसाच्या बाबतीत जमेना.

ते माझ्या सासरच्या गावचे. गावनात्यानं माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्याला धाकट्या भावाच्या बायकोचा पदरसुद्धा लागू देत नाहीत. त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती, घरी करणारं कुणी नव्हतं, आणि आले ते नेमके माझ्याकडे असलेल्याच खोलीत. सिस्टरला सांगायची सोय नव्हती. ती लांबची, तिच्या लेखी पेशंट म्हणजे पेशंट.

रोज सकाळी उचलताना दुसरी आया त्यांच्या काखेत हात घालून धरायची. मी मात्र उजवीकडे डोक्यावर पदर ओढून उभी, आणि लांबूनच त्यांच्या बंडीची कड चिमटीत धरायची. दिसायला आम्ही दोघी, पण भार तिच्या एकटीवर. तिची कंबर धरली होती, तरी तिनं सिस्टरकडे चुगली केली नाही. मला तिची लाज वाटायची. पण गावात कळलं तर काय, ही भीती त्याहून मोठी होती.

एका सकाळी बंडी टर्रकन फाटली. ते माझ्याकडे कलले, डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटणार होतं. मी दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं आणि त्यांच्यासकट खाली बसले. पदर कुठच्या कुठे गेला. कुणाला लागलं नाही.

तोवर ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. पाणी हवं असलं तरी दुसऱ्या आयेला सांगत. त्या दिवशी जड जिभेनं म्हणाले, "असंच धरत जाय, बाई. पाप लागन तं मले लागन. तू सोडशीन म्हनून रोज भेव वाटते."

मी गावाला भीत होते आणि ते मला. मी तिथंच रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना छातीशी धरून उचलू लागले. ते डोळे घट्ट मिटून घेत, आणि खुर्चीत बसवून मी दोन पावलं मागं सरेपर्यंत उघडत नसत.